आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं हॉलमधल्या टीव्हीवर कसं बघायचं

आमच्याकडे पाच-सहा वर्षं एक निळा पेनड्राइव्ह होता, टोपण हरवलेला, आणि त्याचं काम एकच, आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून काहीतरी भरून घ्यायचं आणि हॉलमधल्या टीव्हीच्या मागे जाऊन बसायचं. चार जीबीच्या वरची फाईल असली की कॉपीच व्हायची नाही कारण फॉरमॅट फॅट३२, ती झालीच तर टीव्ही म्हणणार हा व्हिडिओ चालत नाही, आणि चित्र आलंच तर आवाज गायब. मग परत आत, परत कॉपी, तोपर्यंत बाकीचे जेवून उठलेले. बरं दोन्ही मशीन एकाच वायफायवर, मध्ये एक भिंत. एवढं जवळ असून फाईल हातात धरून का न्यायची हा प्रश्न मला उशिराच पडला.

तर हे कसं करायचं ते सांगतो. मी विंडोजवर केलंय, लॅपटॉप २०१६चा, आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, बिजागरी तुटलेली म्हणून उचलून कुठे न्यायच्या लायकीचा नव्हता, आता तो कपाटावर पडून राहून घरातलं सगळ्यात जास्त काम करतो. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण याबद्दल शोधायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी तुम्हाला वीस हजारांचा नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडायची हार्डडिस्कची पेटी) घ्यायला लावतो.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, माझा नेटचा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे, चालेल का? चालेल. नेटचा याच्याशी संबंधच नाही. फाईल तुमच्या कॉम्प्युटरवरून राउटरला आणि राउटरवरून टीव्हीला जाते, ती घराबाहेर पडतच नाही. पावसात केबलवाल्याची वायर तुटून दोन दिवस नेट बंद असलं तरी हे चालतं, फक्त राउटर चालू पाहिजे. टीव्ही वर कोपऱ्यात इंटरनेट नाही म्हणून रडत असतो, रडू दे.

स्पीड लागतो तो घरातल्या घरात. आता हिशोब बघा, दोन तासांची चार जीबीची फाईल म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार मेगाबिट, हे कुठलंही वायफाय झोपेत ओढतं. पण हल्लीच्या मोबाईलवर फोर-केमध्ये काढलेला व्हिडिओ मिनिटाला सहज ३५० एमबी खातो, म्हणजे सेकंदाला ४७ मेगाबिटच्या आसपास, आणि फोर-के ब्लूरेवरून जशीच्या तशी उतरवलेली फाईल असेल तर ६०-७०. म्हणजे गंमत अशी की दोन तासांचा पिक्चर सुरळीत चालतो आणि पुतणीच्या बारशाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ दर दहा सेकंदाला अडकतो, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत वायफाय देतो, टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर होता, बिल्डिंगमध्ये वर-खाली-शेजारी सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात, हॉलमध्ये खरा स्पीड २५च्या वर कधी गेलाच नाही. टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडला आणि प्रश्न संपला. ५ गिगाहर्ट्झ भिंतींना घाबरतं हे खरं, दोन जाड भिंती मध्ये आल्या की सिग्नल मान टाकतो, पण राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर तेच वापरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे निदान कॉम्प्युटर तरी राउटरला वायरने जोडा. दोघेही वायफायवर असले की तीच फाईल हवेतून दोनदा जाते, एकदा कॉम्प्युटर ते राउटर आणि मग राउटर ते टीव्ही, म्हणजे स्पीड सरळ निम्म्यावर. कॅट-फाइव्ह-ई लिहिलेली केबल घ्या, ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, आपल्या फ्लॅटमध्ये १५ मीटर झाली तरी डोक्यावरून पाणी. फक्त एकदम स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची मिळते ती घेऊ नका, दोनदा वाकवली की आतून तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. आणखी एक, बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, त्यामुळे टीव्हीला वायर जोडून उलट चांगल्या ५ गिगाहर्ट्झपेक्षा कमी मिळू शकतं, पण मिळतं ते स्थिर मिळतं. आमच्या कामाला ते पुरून उरतं.

स्पीड किती येतोय ते मोजायला स्पीडटेस्टच्या साइटवर जाऊ नका, ती नेटचा स्पीड सांगते. एका मशीनवरून दुसऱ्यावर एक मोठी फाईल कॉपी करा, विंडोज खिडकीत सेकंदाला किती एमबी ते दाखवतो, त्याला आठने गुणा. झालं.

आधी साधी पद्धत, फोल्डर शेअर करा आणि व्हीएलसीने बघा

हे अर्ध्या तासात होतं (व्हीएलसी म्हणजे व्हिडिओ चालवणारं ॲप) आणि माझ्या मते निम्म्या लोकांना याच्या पुढे जायची गरजच नाही.

कॉम्प्युटरवर एक फोल्डर करा, नाव इंग्रजीत आणि एकाच शब्दात ठेवा म्हणजे पुढे रिमोटने टाइप करताना रडायला नको. माझ्या फोल्डरचं नाव नुसतं टीव्ही आहे, दोन अक्षरी. सगळं त्यात टाका. अख्खा डी ड्राइव्ह शेअर करायचा मोह होतो, करू नका, त्यात आयटी रिटर्न आणि आधारचे स्कॅन पण असतात हे आपण विसरतो.

आता शेअर करण्याआधी एक नवीन यूजर बनवा. ही पायरी कोणी सांगत नाही आणि इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. आपण विंडोजमध्ये चार आकडी पिन टाकून शिरतो, आणि मग टीव्हीवर यूजरनेम-पासवर्ड विचारल्यावर तोच पिन टाकतो, आणि तो चुकीचा म्हणतो. कारण पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून येणाऱ्याला अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो कित्येकांना आठवतच नाही कारण तीन वर्षांपूर्वी एकदा टाकला होता. माझी अख्खी एक रविवारची दुपार यात गेलीय. म्हणून सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट, तिथे तो ईमेल मागतो, खाली बारीक अक्षरात या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची लिंक असते ती दाबा, मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर बनवा. नाव टीव्ही, पासवर्ड सगळा छोट्या अक्षरांत पण रिकामा नको, रिकाम्या पासवर्डच्या यूजरला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब. तिथे दोन बटणं दिसतील, नुसतं शेअर आणि ॲडव्हान्स्ड शेअरिंग. नुसतं शेअर वापरा, त्यात हा नवा यूजर निवडा आणि परवानगी रीड एवढीच ठेवा. ॲडव्हान्स्डवाल्यातून केलं तर परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये एक आणि सिक्युरिटी टॅबमध्ये एक, आणि दुसरी विसरली की फोल्डर दिसतो पण उघडत नाही. रीडच का, तर टीव्हीच्या रिमोटवरून कोणाकडून चुकून काही डिलीट झालं तर मग बसा बोंबलत.

त्यानंतर नेटवर्क प्रायव्हेट आहे का बघा. सेटिंग्ज, नेटवर्क, तुमचं कनेक्शन, प्रॉपर्टीज. विंडोज नवीन नेटवर्कला पब्लिक समजतो, म्हणजे तुम्ही एसटी स्टँडवर बसलाय असं धरून सगळ्यांपासून मशीन लपवतो. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा. त्याच पानावर खाली आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे या मशीनचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता (थोडक्यात आयपी), दिसेल, समजा १९२.१६८.१.५०, तो कागदावर लिहून घ्या. (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे.) जिओचा राउटर असेल तर बहुतेक १९२.१६८.२९ ने सुरू होईल, घाबरू नका, तेही बरोबरच आहे.

टीव्हीवर व्हीएलसी टाका, अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर स्टिक दोन्हीवर फुकट आहे. उघडून ब्राउझमध्ये गेलात की लोकल नेटवर्कखाली कॉम्प्युटरचं नाव बऱ्याचदा आपोआप येतं, त्यावर ओके, यूजर, पासवर्ड, आणि आत तुमचा फोल्डर. आपोआप नाही आलं तर सर्व्हर ॲड करा, प्रकार एसएमबी (विंडोजची फोल्डर शेअर करायची भाषा), ॲड्रेसमध्ये तो लिहून घेतलेला आयपी. एकदा आत शिरलात की फेव्हरिटमध्ये टाका म्हणजे पुढच्या वेळी सरळ. दुसऱ्या लॅपटॉपवरून बघायचं असेल तर अजून सोपं, फाईल एक्स्प्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे आयपी, एंटर.

इथे जुन्या टीव्हीवाल्यांसाठी एक सूचना. काही जुने टीव्ही आणि मीडिया बॉक्स एसएमबीची पहिली आवृत्तीच बोलतात, आणि विंडोजने ती २०१७च्या शेवटापासून नवीन इन्स्टॉलमध्ये बंदच ठेवलीय. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. नेटवर बरेच लोक सांगतील की कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक टिक मारा, जुनं चालू होतं. होतं खरं, पण नका करू. पिक्चर दिसायला पाहिजे म्हणून घराची मागची कडी काढून ठेवण्यातला प्रकार आहे तो. टीव्हीला स्टिक लावा आणि तिच्यावर व्हीएलसी चालवा.

डीएलएनए पण ऐकलं असेल, कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ नेटवर्कवरून टीव्हीवर दाखवायची दुसरी पद्धत, टीव्हीच्या खोक्यावर छापलेलं असतं. ते चालू करायला सोपं, पासवर्ड-बिसवर्ड काही नाही, पण सबटायटल येईल तर येईल, पुढे ढकललं तर ढकललं जाईल नाहीतर पहिल्यापासून सुरू, आणि हे स्टँडर्ड काढणारी संस्थासुद्धा २०१७ सालीच विसर्जित झाली. मी दोन दिवस वापरून सोडलं.

जेलीफिन, घरातल्या बाकीच्यांसाठी

व्हीएलसीची पद्धत मला पुरत होती. आईला नाही. तिला फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फाईलची लांबलचक नावं, हे झेपत नव्हतं आणि झेपायची तिला गरजही नाही. तिला रिमोटवर दोन बटणांत ताईच्या लग्नाची कॅसेट लागायला पाहिजे होती (व्हीसीडी आहे ती, पण आमच्याकडे कॅसेटच म्हणतात) आणि काल कीर्तन जिथे सोडलं तिथून पुढे. त्यासाठी जेलीफिन.

जेलीफिन म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा एक सर्व्हर, तो तुमच्या फोल्डरमधल्या फाईली बघून त्यांची पोस्टरं-बिस्टरं लावून छान मांडून ठेवतो आणि टीव्ही, मोबाईल, ब्राउझर जे मागेल त्याला देतो. पूर्ण फुकट, ओपन सोर्स. एम्बी नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यांनी २०१८च्या शेवटी कोड बंद करायचं ठरवलं तेव्हा काही लोकांनी शेवटचा खुला कोड उचलून हे वेगळं काढलं. प्लेक्स पण असंच आहे आणि दिसायला जास्त गुळगुळीत आहे, पण त्याला त्यांच्या साइटवर अकाउंट लागतं, आणि माझ्या घरातल्या माझ्या फाईली बघायला मी बाहेर कुठे लॉगिन का करू हा माझा प्रश्न आहे. ज्याला चालतं त्याने वापरावं.

इन्स्टॉल करताना तो विचारतो, साधं इन्स्टॉल की सर्व्हिस म्हणून. साधं घ्या, तेच ते सुचवतात. पण त्यात एक मेख आहे, तुम्ही विंडोजमध्ये लॉगिन केल्यावरच तो सुरू होतो. म्हणजे रात्री विंडोजने अपडेट घेऊन मशीन रीस्टार्ट केलं की सकाळी ते लॉक स्क्रीनवर उभं, जेलीफिन बंद, आणि आईचा फोन ऑफिसात, अरे ते निळं-जांभळं उघडत नाहीये. दोनदा असं झाल्यावर मी अपडेटची वेळ माझ्या हातात ठेवली, शनिवारी मीच करतो.

फायरवॉल विचारेल तेव्हा प्रायव्हेटवर टिक करून हो म्हणा. मग त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८०९६ टाका. सेटअप सुरू होतो, भाषा, तुमचा यूजर, आणि मग लायब्ररी. लायब्ररीचा प्रकार इथे नीट निवडा. पिक्चर असतील तर मूव्हीज, मालिका असतील तर शोज, गाणी म्युझिक, आणि घरचे व्हिडिओ असतील तर होम व्हिडिओज अँड फोटोज. मी पहिल्यांदा सगळं एकत्र मूव्हीजमध्ये ढकललं. त्याने बिचाऱ्याने नावावरून नेटवर शोध घेतला आणि ताईच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी पिक्चरचं पोस्टर लावलं, वर दिग्दर्शक, कलाकार, रेटिंग सगळं. आई म्हणाली ही बाई कोण. होम व्हिडिओमध्ये टाकलं की तो असला शहाणपणा करत नाही.

पिक्चरचं नाव ओळखता यावं म्हणून प्रत्येकाचा वेगळा फोल्डर करा, नाव आणि पुढे कंसात साल. मालिका असेल तर मालिकेच्या फोल्डरात सीझन ०१ आणि फाईलच्या नावात एस०१ई०१ अशी पद्धत, हे सगळं इंग्रजी अक्षरांत. साल टाकाच, एकाच नावाचे पिक्चर मराठी-हिंदीत चार-चार आहेत आणि जेलीफिन त्यातला नको तोच उचलतो. जुन्या मराठी पिक्चरना कधी पोस्टरच मिळत नाही, तेव्हा फोल्डरमध्ये पोस्टर नावाची जेपीजी टाकली की तीच लावतो.

टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाका, अँड्रॉइड टीव्ही, फायर स्टिक, एलजीचा वेबओएस, सगळ्यांसाठी आहे. सर्व्हर आपोआप सापडला तर ठीक, नाहीतर आयपी, कोलन, ८०९६. पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर टाइप करायचा वैताग नको असेल तर क्विक कनेक्ट वापरा, टीव्हीवर सहा आकडे येतात, ते मोबाईलवर जेलीफिनच्या तुमच्या यूजर सेटिंगमध्ये टाकले की टीव्ही आत. प्रत्येकाचा वेगळा यूजर करा, नाहीतर आईचं कीर्तन अर्ध्यात आणि भाच्याने तिथेच कार्टून पुढे ढकललेलं, कोण कुठपर्यंत आलं त्याचा सगळा काला होतो.

अडकतंय? आधी डॅशबोर्ड बघा

जेलीफिनचा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे डॅशबोर्ड. टीव्हीवर काही चालू असताना मोबाईलवर डॅशबोर्ड उघडा, आत्ता काय चाललंय ते दिसतं आणि डायरेक्ट प्ले आहे का ट्रान्सकोड तेही दिसतं. डायरेक्ट प्ले म्हणजे फाईल जशी आहे तशी पाठवतोय, कॉम्प्युटरला काही काम नाही, माझा जुना लॅपटॉप यात गरमसुद्धा होत नाही. ट्रान्सकोड म्हणजे टीव्हीला तो फॉरमॅट कळत नाही म्हणून जेलीफिन तिथल्या तिथे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये भाषांतर करून देतोय, आणि हे काम जड. पंखा विमानासारखा वाजायला लागला की समजा ट्रान्सकोड.

कारणं बहुतेक तीनच. एक, व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या नव्या फॉरमॅटमध्ये आहे आणि टीव्ही जुना आहे. दोन, आवाज डीटीएस नावाच्या फॉरमॅटमध्ये आहे, बऱ्याच टीव्हींना तो चालत नाही, पण यात फक्त आवाज बदलावा लागतो त्यामुळे फार त्रास नाही. तीन, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, सबटायटल. डीव्हीडी-ब्लूरेतली सबटायटल अक्षरं नसून चित्रं असतात, ती दाखवायला जेलीफिनला कित्येकदा प्रत्येक फ्रेमवर चिकटवून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. सबटायटल बंद करून बघा, पंखा शांत झाला तर चोर सापडला. मग एसआरटी, म्हणजे अक्षरांतल्या सबटायटलची, फाईल शोधून व्हिडिओच्याच नावाने शेजारी ठेवा. मराठी एसआरटी असेल तर नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर टीव्हीवर प्रश्नचिन्हांची माळ दिसते.

ट्रान्सकोड टळतच नसेल तर डॅशबोर्ड, प्लेबॅक, ट्रान्सकोडिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन चालू करा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर क्विक सिंक निवडा, ही सोय इंटेलमध्ये २०११पासून आहे. पण एचईव्हीसी त्यात २०१५च्या सहाव्या पिढीपासून आणि दहा-बिटवालं (जास्त रंगछटांचं) सातव्या पिढीपासून, त्यामुळे आपला प्रोसेसर कोणता ते बघूनच खालच्या टिका मारा, सगळ्या मारल्या तर काहीच चालत नाही. माझा सहाव्या पिढीचा, दहा-बिटची टिक मी हौसेने मारली आणि अर्धा तास काळा पडदा बघत बसलो.

टीव्हीला सर्व्हर दिसतच नाही

आयपी बदलला असेल. राउटर कॉम्प्युटरला दर वेळी तोच नंबर देईल याची खात्री नसते, लाइट जाऊन आली की ५०चा ५३ होतो. राउटरच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणून सोय असते, तिथे या कॉम्प्युटरला हा नंबर कायमचा असं बांधून टाका. हे पहिल्याच दिवशी करा.

नंबर तोच असेल तर दोन राउटरचा घोळ बघा. फ्लॅटमध्ये हे सर्रास आहे, नेटवाल्याने दाराजवळ फायबरचा बॉक्स लावलेला, त्याचं स्वतःचं वायफाय, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणून त्याला वायर जोडलेली. आता ही दोन वेगळी नेटवर्कं झाली. टीव्ही एकावर, कॉम्प्युटर दुसऱ्यावर, दोघांचंही नेट मस्त चालतंय पण एकमेकांना ओळखत नाहीत, चाळीत भिंतीला भिंत आणि बोलणं बंद. दोघांचे आयपी बघा, पहिले तीन आकडे वेगळे असतील, एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०, तर हाच आजार. औषध म्हणजे दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं. तो पर्याय नसेल तर त्याचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा ॲड्रेस बदलून पहिल्या राउटरच्या रांगेतला एखादा मोकळा द्या आणि वायर वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. माझ्या मावशीकडे मी हे फोनवरून करायला गेलो आणि तिचं नेटच बंद पाडलं, तेव्हा जो राउटरसमोर उभा आहे त्यानेच करावं.

टीव्ही गेस्ट वायफायवर असेल तरी दिसणार नाही, गेस्ट नेटवर्क बनवलेलंच असतं पाहुण्याला घरातली मशीन दिसू नयेत म्हणून.

आणि यातलं काहीच नसेल तर कॉम्प्युटर झोपला असेल. पॉवर सेटिंगमध्ये प्लग लावलेला असताना स्लीप नेव्हर करा, लॅपटॉप असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं त्याला डू नथिंग. स्क्रीन बंद होऊ दे, त्याने काही अडत नाही. बाहेरची हार्डडिस्क लावली असेल तर ती मधूनच झोपते आणि पहिला व्हिडिओ सुरू व्हायला पाच-दहा सेकंद लागतात, तेवढं चालवून घ्या.

चोवीस तास चालू ठेवला तर बिल किती हे बाबांनी विचारलंच. जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून नुसता बसला असेल तर १५ वॉट धरा, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आत. जुना डेस्कटॉप मात्र याच्या चौपट सहज घेतो, तो रात्री बंद करत जा. लॅपटॉपची बॅटरी काढता येत असेल तर काढून ठेवा, येत नसेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये आहे का बघा, कायम फुल चार्जवर गरम राहिली की बॅटरी फुगते. महिन्यातून एकदा उचलून खालून बघायचं, टचपॅड वर आलेला दिसला की लगेच बंद.

भाऊ बंगलोरला असतो, त्याला पण बघायचं होतं. त्यासाठी राउटरवर पोर्ट उघडायच्या फंदात पडू नका, ८०९६ जगाला उघडं ठेवणं म्हणजे आमंत्रण. टेलस्केल नावाचं ॲप दोन्हीकडे टाका, ते लांबची मशीन एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं, त्याच्या मोबाईलला वाटतं तो आपल्याच घरात बसलाय. इथे मात्र तुमच्या नेटचा अपलोड स्पीड लागतो.

राहिल्या त्या व्हीसीडी. डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, त्यात डॅट एक्स्टेन्शनची मोठी फाईल, ती सरळ कॉपी करा आणि एक्स्टेन्शन एमपीजी करा, बहुतेक वेळा एवढ्यावर चालते. डीव्हीडी असेल तर एक-एक जीबीचे तुकडे असतात, ते मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने जोडून एक फाईल करा, क्वालिटी जशीच्या तशी राहते. चित्र ५५ इंची टीव्हीवर धूसर दिसणार, व्हीसीडीत मुळात ३५२ बाय २८८ एवढेच ठिपके आहेत, कुठलंही सॉफ्टवेअर त्यातून काकूचा चेहरा नव्याने काढून देणार नाही. डीव्हीडीत कोणी हलल्यावर कडांना कंगव्यासारखे दात दिसतात, आमच्याकडे हळदीच्या वेळी सगळ्यांच्या हातांना आलेत, ते हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस लावून जातात. एखादी डिस्क मध्येच अडकली तर ओढत बसू नका, पाण्याने धुवा, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. आमची तीन नंबरची डिस्क, पाठवणीची, अशी तिसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली. कॉपी झाली की एक प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर टाकून ती काढून कपाटात ठेवा, कारण हा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, त्यातली डिस्क गेली की लग्न पण गेलं.